‘रिलीव्ह’ : एका इंग्रजी क्रियापदाचा अर्थ व त्याचे अध्यापन



‘रिलीव्ह’ हा शब्द सातारा व सांगली जिल्ह्यांतील प्राथमिक शिक्षकाला अपरिचित नाही. बदलीचा हुकूम हाती पडला, की ‘रिलीव्ह केव्हा करणार?’ हा पहिला प्रश्न असतो. कृष्णा-वारणेला महापूर आला, की ‘रिलीफ’चे धान्य वाटण्यासाठी शाळेचीच खोली उघडावी लागते. कचेरीतून व संकटातून असा हा शब्द खेड्यापर्यंत येऊन पोहोचला आहे. परंतु पाठ्यपुस्तकातील एखाद्या गोष्टीत हरवलेले लेकरू घरी परतते आणि आईसंबंधी ‘शी फेल्ट रिलीव्हड’ असे वाक्य येते, तेव्हा कचेरीतला अर्थ कामास येत नाही. त्या आईला ‘कार्यमुक्त वाटले’ असे भाषांतर कोणीच करणार नाही. फळ्यावर ‘रिलीव्ह म्हणजे मुक्त करणे’ एवढे लिहून शिक्षक पुढे गेला, तर मुलांच्या वहीत शब्द उतरतो. अर्थ मात्र पुस्तकातच राहतो.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी हा विषय पहिल्या इयत्तेपासून सुरू झाला. त्यापूर्वी तो पाचवीपासून शिकविला जाई. त्यामुळे मनाच्या अवस्था दाखविणारे शब्द मुलांना प्रथम समजावून देण्याचे काम आता गावच्या प्राथमिक शिक्षकाकडे आले आहे. वस्तूचे नाव शिकविणे सोपे असते. ‘पेन’ दाखविता येते, ‘डोअर’कडे बोट करता येते. मनाला वाटणारा आराम कोणत्या बोटाने दाखवावयाचा? या प्रश्नाचे उत्तर ‘रिलीव्ह’ या एकाच क्रियापदाच्या आधारे शोधावे, हा प्रस्तुत व्याख्यानाचा हेतू आहे.

प्रथम शब्दाचे मूळ पाहू जाता असे दिसते, की हा शब्द लॅटिन भाषेतून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. लॅटिनमध्ये ‘लेविस’ म्हणजे हलका. त्यावरून झालेल्या धातूचा अर्थ उचलणे, भार हलका करणे असा आहे. विज्ञानाच्या तासाला शिक्षक तरफ शिकवितो. तरफेला इंग्रजीत ‘लिव्हर’ म्हणतात, तोही याच कुळातला शब्द. भूगोलातील उठावाच्या नकाशाला ‘रिलीफ मॅप’ म्हणतात. तेथेही वर उचललेले, उठून दिसणारे हाच मूळ भाव आहे. म्हणजे हा शब्द आरंभी मनाचा नव्हता. तो पाठीवरच्या व डोक्यावरच्या ओझ्याचा होता.

येथे मराठी शिक्षकाला एक गोष्ट विशेष आनंदाची वाटावी. लॅटिन ‘लेविस’ आणि संस्कृत ‘लघु’ हे शब्द भाषाशास्त्राच्या दृष्टीने एकाच मुळातून आलेले सख्खे नातेवाईक आहेत. त्याचप्रमाणे लॅटिन ‘ग्रॅविस’, म्हणजे जड, आणि संस्कृत ‘गुरु’ हेही एकाच मुळाचे होत. या ‘ग्रॅविस’पासून इंग्रजीत ‘ग्रीव्ह’ हे दुःख करणे या अर्थाचे क्रियापद झाले. वृत्ते शिकविताना लघु व गुरु या खुणा मांडणाऱ्या शिक्षकाच्या ध्यानात हे तत्काळ येईल, की इंग्रजीतील ‘ग्रीव्ह’ म्हणजे मन जड होणे आणि ‘रिलीव्ह’ म्हणजे मन हलके करणे. दुःखाला वजन असते, ही कल्पना दोन्ही भाषांना जन्मतःच मिळालेली आहे. मराठी माणूस ‘मनावरचा भार उतरला’ असे म्हणतो, तो काही इंग्रजीचे अनुकरण करीत नाही. कचेरीतील ‘कार्यभार’ व ‘पदभार’ या शब्दांतही तोच भार आहे. एका शिक्षकाने पदभार सोपवावयाचा व दुसऱ्याने तो घ्यावयाचा, म्हणजेच पहिल्याला ‘रिलीव्ह’ करावयाचे. बदलीचा हुकूम आणि आईचा सुटकेचा निःश्वास या दोन टोकांना जोडणारा धागा तो हाच.

हा अर्थ मुलांना समजावून देण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. पाटण, जावळी, शिराळा या डोंगरी भागांत डोक्यावरून गवताचा वा जळणाचा भारा आणणाऱ्या स्त्रिया मुलांनी पाहिलेल्या असतात. कित्येकांच्या घरची आईच तो आणीत असते. त्या भाऱ्याचे निरीक्षण केले, तर इंग्रजीतील एकमेकांशी गल्लत होणारी चार क्रियापदे स्वच्छ निराळी करता येतात.

भारा डोक्यावर घेण्यापूर्वी स्त्री चुंबळ ठेवते. चुंबळीने भाऱ्याचे वजन गुंजभरही कमी होत नाही, परंतु तो डोक्याला रुतत नाही. ‘कम्फर्ट’ करणे म्हणजे दुःखाखाली अशी चुंबळ ठेवणे. मूल रडत असताना त्याच्या पाठीवरून हात फिरविला, तर दुःखाचे कारण तसेच राहते. पण ते रुतेनासे होते. वाटेत भेटलेली शेजारीण ‘आता थोडंच राहिलं, वाकण ओलांडलं की गाव’ असे सांगते, तेव्हा ती ‘रिअॅशुअर’ करते, म्हणजे धीर देते. तीच शेजारीण पुढे होऊन हात लावते आणि भारा खाली उतरू लागते, तेव्हा ती ‘रिलीव्ह’ करते. आणि भारेकरीण स्वतःच धोंड्यावर भारा टेकवून, दोर सैल करून, आत काय काय बांधले आहे ते दुसरीला दाखविते, तेव्हा ते ‘अनबर्डन’ करणे होते. मराठीत मन मोकळे करणे ते हेच. चुंबळ, धीर, उतरवणे व मोकळे करणे या चार क्रिया मुलांनी एकदा प्रत्यक्ष करून पाहिल्या, म्हणजे चार शब्दांची गल्लत सहसा होत नाही.

यातून ‘रिलीव्ह’च्या अर्थाचे एक महत्त्वाचे अंग हाती येते. भारा उतरविला म्हणजे तो नाहीसा झाला असे नाही. तो वाटेच्या कडेला असतोच. कदाचित थोड्या वेळाने तो पुन्हा उचलावयाचा असतो. औषधाने वेदना ‘रिलीव्ह’ होते याचा अर्थ रोग बरा झाला असा नसून उतार पडला, आराम पडला एवढाच असतो. रोग बरा होण्यास ‘क्युअर’ हा निराळा शब्द आहे. मराठीतील ‘विसावा’ या शब्दाची येथे आठवण होते. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आषाढीच्या वाटेवर सातारा जिल्ह्यातील लोणंद, तरडगाव, फलटण या मार्गाने जाते. वाटेत ठिकठिकाणी विसावे असतात. विसाव्याला पालखी खांद्यावरून उतरते, वारी संपत मात्र नाही. ‘रिलीफ’ हा असा विसावा आहे.

आता या क्रियापदाचा वाक्यात उपयोग कसा होतो ते पाहावयाचे. हे सकर्मक क्रियापद आहे, म्हणजे कोणाला अथवा कशाला हे सांगितल्याशिवाय ते पुरे होत नाही. त्याचे चार मुख्य उपयोग शिक्षकाने ध्यानात ठेवावेत.

पहिल्या उपयोगात ओझे हेच कर्म असते. ‘द मेडिसिन रिलीव्हड द पेन.’ औषधाने दुखणे कमी झाले. दुसऱ्यात माणूस हा कर्म असतो आणि ओझ्यापूर्वी ‘ऑफ’ हे अव्यय येते. ‘ही रिलीव्हड हिज मदर ऑफ द लोड.’ त्याने आईच्या डोक्यावरचे ओझे घेतले. येथे मुले ‘फ्रॉम’ घालतात, कारण मराठीत ‘ओझ्यापासून’ असे म्हणता येते. ती चूक वेळीच सुधारावी. तिसरा उपयोग कामाच्या पाळीचा. ‘द सेकंड गार्ड रिलीव्हड द फर्स्ट.’ दुसऱ्या पहारेकऱ्याने पहिल्याची जागा घेतली. सैन्यातील माणसे घरोघर असलेल्या गावांत हा अर्थ सांगण्यास सुट्टीवर आलेला जवान शिक्षकापेक्षाही अधिक योग्य ठरेल. पहाऱ्याची जागा रिकामी सोडून कोणी ‘रिलीव्ह’ होत नाही, दुसरा तेथे उभा राहावा लागतो, हे तो अनुभवाने सांगू शकतो.

चौथा उपयोग मनाचा, आणि या व्याख्यानाचा मुख्य विषयही तोच. येथे वाक्याची घडण पालटते. ‘वी वेअर रिलीव्हड टू गेट हिज लेटर.’ त्याचे पत्र आल्याने आम्हांला हायसे वाटले. सातारा तालुक्यातील अपशिंगे हे गाव ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखले जाते. अशा गावांतील घरांनी पिढ्यान्‌पिढ्या सीमेवरील खुशालीची वाट पाहिली आहे. पूर्वी पत्र येई, आता फोन येतो. जीव भांड्यात पडतो तो मात्र तसाच. हे वाक्य अशा गावातील मुलांना शब्दकोशाच्या साहाय्याविना कळेल.

इंग्रजीत हायसे वाटणारा माणूस वाक्याचा कर्ता असतो. मराठीत तो कर्ता नसतो. ‘मला हायसे वाटले’, ‘आईला बरे वाटले’ अशी चतुर्थी येते. मराठी भाषेच्या दृष्टीने ही भावना माणूस करीत नाही, ती त्याच्याकडे येते. म्हणून मुले ‘टू मी रिलीव्हड’ असे लिहितात अथवा ‘आय रिलीव्हड’ असे अर्धवट लिहून थांबतात. शिक्षकाने नुसते चूक म्हणून खोडू नये. दोन भाषांनी एकच अनुभव दोन दिशांनी पाहिला आहे, हे दोन्ही वाक्ये शेजारी मांडून दाखवावे आणि मग ‘आय अॅम रिलीव्हड’, ‘आय फेल्ट रिलीव्हड’ हे साचे पक्के करून घ्यावेत.

आणखी एक सूक्ष्म भेद आहे. ‘रिलीव्हड’ म्हणजे आनंदित नव्हे. अगोदर भय, काळजी वा ताण असल्याशिवाय हा शब्द वापरता येत नाही. धावण्याच्या शर्यतीत पहिले बक्षीस मिळाले तर ‘ग्लॅड’ म्हणावे. आजारी भावाचा ताप उतरला तर ‘रिलीव्हड’ म्हणावे. ‘हायसे’ या मराठी शब्दालाही हाच नियम लागू आहे. लाडू मिळाल्यावर कोणाला हायसे वाटत नाही. पाच प्रसंग सांगून मुलांनी ‘ग्लॅड’ की ‘रिलीव्हड’ ते ओळखावे, हा खेळ पाचवीपासून पुढे उत्तम चालतो.

दोन धोक्यांची सूचना देणे अवश्य आहे. ‘मी रडून मन हलके केले’ याचे भाषांतर एखादे हुशार मूल ‘आय रिलीव्हड मायसेल्फ’ असे करील. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष दिसते. परंतु इंग्रजीत त्याचा रूढ अर्थ लघुशंकेस अथवा शौचास जाणे असा आहे. असे वाक्य वहीत आढळल्यास शिक्षकाने वर्गात हशा पिकवू नये. ‘आय फेल्ट बेटर आफ्टर आय क्राइड’ हे साधे वाक्य शेजारी लिहून द्यावे. दुसरे, ‘रिलीव्हड हिम ऑफ हिज पर्स’ असे वाक्य गोष्टीत आले, तर तेथे उपकार नसून पाकीटमारी आहे, हे सांगावे. ओझे हलके करण्याचा विनोद इंग्रजी माणसालाही सुचतो.

शब्दलेखनासाठी तीन जोड्या फळ्यावर एकत्र लिहाव्यात : बिलीव्ह व बिलीफ, ग्रीव्ह व ग्रीफ, रिलीव्ह व रिलीफ. क्रियापदाच्या शेवटच्या अक्षरगटात ‘व्ही’ असतो, नामाच्या शेवटी ‘एफ’ असतो. एका नियमात सहा शब्द पाठ होतात.

याच ठिकाणी एका जुळ्या शब्दाची ओळख करून द्यावी. ‘रिलीव्ह’मधील मधला एक ‘ई’ गळला, की ‘रीलिव्ह’ हा निराळाच शब्द तयार होतो. त्याचा अर्थ घडून गेलेला प्रसंग पुन्हा अनुभवणे, पुन्हा त्यातून जाणे. उच्चारातही भेद आहे : पहिल्यात ‘ली’ दीर्घ, दुसऱ्यात ‘लि’ ऱ्हस्व. एक अक्षर सुटले आणि उतरलेला भारा पुन्हा डोक्यावर आला! वहीतील ही चूक तांबड्या शाईने सुधारता येते. परंतु वर्गात, मुलाशी वागताना हीच चूक शिक्षकाकडून झाली, तर ती सुधारणे कठीण जाते. ती कशी होते, ते आता पाहावयाचे आहे.

या दोन जिल्ह्यांनी ओझी पुष्कळ पाहिली आहेत. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगरच्या परिसरात भूकंप झाला. पावणेदोनशेहून अधिक माणसे मृत्यू पावली, दोन हजारांवर जखमी झाली आणि पाटण तालुक्यातील घरे मोठ्या संख्येने पडली. १९७२ च्या दुष्काळात माण, खटाव, जत, आटपाडी, कवठे महांकाळ या भागांतील माणसे खडी फोडण्याच्या कामावर गेली. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ, जेथे धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते, तेथे कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर चढले. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून माणसांना बाहेर नेणारी नावच उलटली.

अशा प्रत्येक वेळी सरकारी कागदावर ‘रिलीफ’ हा शब्द आला. धान्य किलोत मोजले गेले, पत्रे नगावर, अनुदान रुपयांत. हे सर्व आवश्यकच होते. पोटाचे ओझे आधी उतरले पाहिजे. सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यातील विसापूरचे वि. स. पागे यांनी तर याही पुढचे पाऊल टाकले. संकटकाळी काम मिळणे ही सरकारची कृपा न राहता माणसाचा हक्क व्हावा, हा विचार त्यांनी धरून ठेवला. त्यातूनच पुढे १९७७ चा महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. ओझे उतरवून मागण्याचा हक्क ओझे वाहणाऱ्यालाच आहे, असे या मातीतील एका माणसाने मांडले.

परंतु किलोत व रुपयांत न मोजता येणारे एक ओझे उरते. पूर ओसरतो, वर्गातील गाळ निघतो, शाळा भरते, आणि एखादे मूल बाकावर गप्प बसून राहते. पाऊस वाजू लागला, की ते खिडकीकडे पाहते. त्याचे दप्तर नवे आलेले असते. ऊसतोडीच्या हंगामात परमुलखातून आलेले एखादे लेकरूही असेच शेवटच्या रांगेत बसते. वर्गात कोणाच्या घरी वडिलांचे व्यसन असते, कोणाच्या घरी कर्जाची कुजबुज चालू असते. हे भारे डोक्यावर दिसत नाहीत. ते कोणी उतरवावयाचे?

पूर्वीच्या स्त्रियांनी यावर आपला उपाय शोधला होता. पहाटे जात्यावर बसून त्या ओव्या गात. सासर, माहेर, भाऊ, अपमान, भूक या सर्वांचे बोलणे जात्याशी होई. साने गुरुजींनी अशा ओव्या ‘स्त्रीजीवन’ या संग्रहात एकत्र केल्या. पुढे हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांनी खेडोपाडी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. जात्याने कोणाचे दारिद्र्य घालविले नाही. पण समोर खुंट्याला हात लावून बसलेली दुसरी बाई ऐकत असे, आणि दळण होईपर्यंत मन काहीसे हलके होत असे. आज जाती गेली आहेत. मुलांना तर ती कधीच नव्हती. ऐकणारे माणूस मिळण्याची जागा म्हणून त्यांना शाळाच उरते.

तथापि ऐकणे आणि वदवून घेणे यांत फार अंतर आहे. ‘तुझ्या घरात पाणी कुठपर्यंत आलं होतं? मग काय झालं? सर्वांना सांग बरं,’ असे भर वर्गात विचारणारा शिक्षक सद्‌हेतूनेच विचारतो. तो समजतो, की आपण ‘रिलीव्ह’ करीत आहोत. वास्तविक तो मुलाला तो प्रसंग ‘रीलिव्ह’ करावयास लावीत असतो. जागतिक आरोग्य संघटनेने व तिच्या सहकारी संस्थांनी २०११ साली आपत्तीग्रस्तांना मानसिक प्रथमोपचार कसा द्यावा याविषयी मार्गदर्शिका काढली. तिच्यात तीनच क्रियापदे मुख्य आहेत : पाहणे, ऐकणे व जोडून देणे. काय हवे आहे ते पाहावे. बोलावेसे वाटले तर ऐकावे, बोलण्याची सक्ती करू नये. आणि घर, नातेवाईक, डॉक्टर वा मदत यांच्याशी जोडून द्यावे. भारा उतरविताना आधी ‘हात लावू का?’ असे विचारण्याची रीत आहे. न विचारता ओढला, तर मान मुरगळते.

तसेच आरडाओरडा करू दिला म्हणजे राग निघून जातो, ही समजूतही तपासून घ्यावयास हवी. इंग्रजीत ‘टू रिलीव्ह वन्स फीलिंग्ज’ असा प्रयोग आहे. रडून, ओरडून, आदळआपट करून भावना मोकळी करणे असा त्याचा अर्थ. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात राग आणणाऱ्याचे स्मरण करीत पिशवीवर ठोसे मारणारी माणसे स्वस्थ बसलेल्यांपेक्षा अधिकच रागावलेली आढळली. म्हणजे भारा आपटल्याने हलका होत नाही. मुलाला रडू द्यावे, त्यात लाज नाही. पण रागाच्या भरात फोडाफोड करणे हा उपाय म्हणून शिकवू नये. चित्र काढणे, मातीकाम, खेळ, आणि ज्याला इच्छा असेल त्याने दोन ओळी लिहून शिक्षकाच्या हाती देणे, हे मार्ग अधिक सौम्य आहेत.

येथे शिक्षकाच्या कर्तव्याची एक सीमाही सांगितली पाहिजे. मूल एखादे दिवशी विश्वासाने असे काही सांगेल, की जे शिक्षकाने आपल्याजवळ ठेवणे योग्य होणार नाही. लैंगिक अत्याचारापासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा अशा गोष्टीची खबर देण्याचे बंधन प्रत्येकावर घालतो. म्हणून ‘मी कोणालाही सांगणार नाही’ असे वचन आधी देऊ नये. ‘तुझ्या भल्यासाठी ज्याला सांगावं लागेल त्यालाच सांगेन’ एवढेच म्हणावे. अडचणीतील बालकांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. तो वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत असावा. बाकीच्या गोष्टी मात्र शिक्षकदालनात चहाबरोबर वाटावयाच्या नसतात. उतरवून घेतलेला भारा रस्त्यावर उघडा टाकला, तर पुढच्या वेळी कोणी हात लावू देत नाही.

आणि ज्याच्या हातातील छडीचेच मुलाला भय आहे, त्याने भार हलका करण्याची गोष्ट कशी बोलावी? शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने कलम १७ अन्वये शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे. निर्भय वर्ग ही आता शिक्षकाच्या स्वभावावर सोडलेली गोष्ट राहिलेली नाही. कामाचा हक्क ज्या जिल्ह्यातील माणसाने कल्पिला, तेथील शिक्षकाला मुलाचा हा हक्क समजण्यास जड जाऊ नये.

वर्गात हा शब्द शिकविण्याचा क्रम असा ठेवता येईल. आरंभी दोन मुलांकडून प्रत्यक्ष कृती करून घ्यावी : एकाच्या हातात पुस्तकांची चळत, दुसऱ्याने ती घ्यावयाची. ‘राम रिलीव्हड गोपाळ ऑफ द बुक्स.’ चळत घेतल्यावर गोपाळच्या खांद्यांकडे मुलांचे लक्ष वेधावे. ते खाली येतात, श्वास सुटतो. त्यानंतर पुस्तकांऐवजी काळजी ठेवावी : हरवलेली शेळी, उशिरा आलेली एस.टी., आजीचे दवाखान्यातून येणे. प्रत्येक प्रसंगी मुलांनी प्रथम मराठीत काय म्हणावेसे वाटते ते सांगावे. ‘हायसं वाटलं’, ‘जीव भांड्यात पडला’, ‘बरं झालं बाई’, जे येईल ते फळ्यावर लिहावे. बोलीतले शब्द आले तर त्यांचेही स्वागत करावे. मग त्या सर्वांसमोर एकच इंग्रजी वाक्य ठेवावे. शेवटी प्रत्येक मुलाने आपले एक वाक्य लिहावे. हे वाक्य खरेच घडलेले असले पाहिजे असा आग्रह धरू नये. ज्याला शेळीचे वाक्य लिहावयाचे आहे त्याने शेळीचे लिहावे. ज्याला त्याहून अधिक सांगावयाचे आहे, तो वाट मिळताच सांगेल.

त्या वह्या तपासताना शिक्षकाने दोनदा वाचाव्यात. पहिल्या वाचनात ‘ऑफ’ बरोबर आहे का, ‘ई’ सुटला नाही ना, हे पाहावे. दुसऱ्या वाचनात तांबडे पेन खाली ठेवावे. तीस वाक्यांत एखादेच असे असते, की जेथे शेळी नसते, एस.टी. नसते, ‘फादर डिड नॉट शाउट टुडे. आय वॉज रिलीव्हड.’ असे काहीतरी असते. त्या वाक्याला गुण देऊन पुढे जाणे पुरेसे नाही. त्या मुलाशी मधल्या सुट्टीत, इतरांचे लक्ष नसताना, दोन शब्द बोलावे. घर त्या दिवशी पालटणार नाही. पण आपले वाक्य कोणी तरी वाचले, एवढे त्याला कळेल.

इंग्रजी भाषेतील एक क्रियापद याहून अधिक चांगल्या रीतीने शिकविता येत नाही. शब्दाचा अर्थ मुलाला शब्दकोशातून कळो अथवा कृतीतून कळो. ज्या शिक्षकाने एकदा तरी त्याचे ओझे उतरू लागले, त्याच्या वर्गातील मूल तो शब्द विसरणार नाही. बदली होऊन त्या शिक्षकाला ‘रिलीव्ह’ केले जाईल, कार्यभार दुसऱ्याकडे जाईल. जाताना दप्तर, किल्ल्या व हजेरीपट यांबरोबर कोणते मूल गप्प बसते, हेही नव्या शिक्षकाच्या कानावर घालावे. पदभार सोपविणे खऱ्या अर्थाने पुरे होते ते तेव्हाच.